तेलगळतीचा माग

लॉनमोव्हरच्या, म्हणजे हिरवळ कापण्याच्या यंत्राच्या, इंजिनाखाली तेलाचा डाग दिसला की बहुतेक ठिकाणी आधी पाने निघतात आणि लगोलग नवे ऑईल सील आणायला कोणीतरी दुकानात पिटाळले जाते. दुरुस्ती झाल्यावर यंत्र आठ-पंधरा दिवस कोरडे राहते, मग पुन्हा तसाच डाग पडतो, आणि दोष सीलच्या दर्जावर किंवा फिटरच्या हातावर ढकलला जातो. वस्तुतः तेल ज्या जागी दिसते ती जागा आणि ते जिथून निसटते ती जागा या दोन्ही एकच असतील असे नाही, आणि निसटण्याचे मूळ कारण तर अनेकदा सीलमध्येही नसते आणि पॅकिंगमध्येही नसते, तर इंजिनाच्या पोटात वाढलेल्या हवेच्या दाबात असते. म्हणून या इंजिनांच्या बाबतीत आधी दाबाचा विचार करावा आणि मग सुट्या भागांचा, हा क्रम पाळला तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग याने 1830 साली तयार केले. कापडगिरण्यांत लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली असे मानले जाते. ते अर्थातच माणसाने ढकलायचे यंत्र होते. पेट्रोल इंजिनाचा मोव्हर विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्येच रॅन्सम्स या कंपनीने बाजारात आणला, परंतु सामान्य घरमालकाच्या आवाक्यात तो आला अमेरिकेतील मिलवॉकी येथील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कंपनीने 1950 च्या दशकात ॲल्युमिनियमच्या ओतीव कवचाचे हलके आणि स्वस्त इंजिन काढल्यानंतर. आज होंडासह अनेक कंपन्यांची अशी इंजिने जगभर वापरात आहेत, आणि महाराष्ट्रातही जिमखाने, क्रिकेटची मैदाने, गोल्फ क्लब, मोठ्या गृहनिर्माण संस्था आणि कारखान्यांची आवारे येथे ती सर्रास दिसतात. त्यांचा सर्वसाधारण आराखडा सारखाच असतो: एकच सिलिंडर, साधारण 140 ते 190 घनसेंटिमीटर क्षमता, हवेने होणारे शीतलन आणि पोटात जेमतेम अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे अधिक तेल. मोटारीच्या इंजिनात तीन-चार लिटर तेल असल्याने पाव लिटर कमी झाले तरी लगेच काही बिघडत नाही. येथे मात्र तेवढ्याच गळतीने निम्मे तेल संपते आणि कनेक्टिंग रॉड जॅम होऊन इंजिन कायमचे बसण्याचा धोका उभा राहतो.

या इंजिनाची एक खोड समजून घेतल्याशिवाय गळतीचे कोडे सुटत नाही. पिस्टन खाली येतो तेव्हा तो आपल्या खालच्या पोकळीतली, म्हणजे क्रँककेसमधली, हवा दाबतो. चार सिलिंडरच्या मोटारीत दोन पिस्टन खाली येत असताना दोन वर जात असतात, त्यामुळे पोकळीचे एकूण आकारमान जवळजवळ तेवढेच राहते. एका सिलिंडरच्या इंजिनात अशी भरपाई करणारे दुसरे कोणी नसते. मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वेगाने चालणाऱ्या अशा इंजिनात सेकंदाला 50 वेळा सुमारे 160 घनसेंटिमीटर हवा दाबली जाते आणि तितक्याच वेळा ओढली जाते. त्याखेरीज पिस्टनच्या रिंगांच्या कडेने जळालेला वायूही थोडाथोडा खाली उतरत असतो, आणि नव्या इंजिनातही तो पूर्णपणे थांबवता येत नाही. हा सगळा दाब बाहेर काढून देण्यासाठी क्रँककेसला ब्रीदर जोडलेला असतो.

ब्रीदर म्हणजे एका छोट्या कप्प्यात बसवलेली पातळ पत्र्याची किंवा चकतीची एकेरी झडप. पिस्टन खाली येताना ती उघडते आणि हवा बाहेर जाऊ देते; पिस्टन वर जाताना ती मिटते आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. परिणामी क्रँककेसमध्ये सरासरीने बाहेरच्यापेक्षा थोडा कमी दाब राहतो. ही थोडीशी निर्वातता फार मोलाची आहे, कारण ती टिकून असेल तर किंचित झिजलेल्या सीलमधून तेल बाहेर पडण्याऐवजी हवाच आत ओढली जाते आणि यंत्र वर्षानुवर्षे कोरडे राहते. झडपेची पट्टी वाकली, तिच्यावर काजळी जमली, ब्रीदरची रबरी नळी दुमडली किंवा कुंभारमाशीने नळीच्या तोंडाशी मातीचे घर बांधले, की हे चित्र उलटते आणि तेच सील, तेच पॅकिंग गळू लागते. प्रेशर कुकरच्या शिट्टीत भाताचे शीत अडकले की वाफ झाकणाच्या रिंगेतून फुसफुसू लागते, आणि रिंग नवी आणली तरी शिट्टी साफ केल्याखेरीज ते थांबत नाही. इथला प्रकार नेमका तोच आहे. ब्रीदरच्या कप्प्याच्या तळाशी आणखी एक बारीक भोक असते, तेथून हवेबरोबर आलेले तेल परत खाली झिरपते. हे भोक गाळाने बुजले की झडप ठीक असूनही तेल नळीवाटे बाहेर फेकले जाते. जुन्या साइड व्हॉल्व्ह इंजिनात ब्रीदर सिलिंडरच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या कप्प्यावर बसवलेला असतो. ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात तो बहुधा व्हॉल्व्हच्या झाकणाखाली किंवा क्रँककेसच्या माथ्यावर सापडतो. त्याची नळी एअर फिल्टरच्या डब्यात जाते, त्यामुळे एअर फिल्टर तेलाने भिजलेला दिसला की फिल्टर बदलून मोकळे होण्यापेक्षा नळीच्या दुसऱ्या टोकाशी काय चालले आहे ते पाहणे शहाणपणाचे.

तथापि ब्रीदर उघडण्याच्याही आधी तीन साध्या गोष्टी पाहाव्या लागतात, आणि गळतीच्या तक्रारींचा बराच मोठा भाग त्यांतच निकालात निघतो. पहिली गोष्ट तेलाच्या पातळीची. डिपस्टिक, म्हणजे तेलाची उंची मोजण्याची पट्टी, काही इंजिनांत टोपण पूर्ण आवळून मग बाहेर काढून वाचायची असते, तर होंडाच्या अनेक इंजिनांत ती न आवळता नुसती आत टेकवून वाचायची असते. आवळून वाचण्याची पट्टी कोणी नुसती टेकवून वाचली तर पातळी आहे त्यापेक्षा कमी दिसते, मग वरून तेल ओतले जाते आणि इंजिन नको इतके भरते. जास्त तेल म्हणजे जास्त वंगण असा समज सार्वत्रिक आहे, आणि तो महागात पडतो: ज्यादा तेलात फिरणारे भाग बुडतात, तेल घुसळून फेसाळते, आणि हा फेस ब्रीदरमधून सरळ एअर फिल्टरकडे चालू लागतो. पातळी यंत्र सपाट जागी ठेवून, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्यावरच पाहावी, एवढे पथ्य मात्र सर्वच इंजिनांना लागू आहे.

दुसरी गोष्ट यंत्र कलंडवण्याची. पात्याखाली अडकलेले गवत काढण्यासाठी मोव्हर एका बाजूवर पाडला जातो, आणि कार्बोरेटर व एअर फिल्टरची बाजू खाली गेली तर तेल ब्रीदरच्या नळीतून फिल्टरमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये शिरते. पुन्हा सुरू केल्यावर पांढुरक्या-निळ्या धुराचा लोट उठतो, मफलरमधून तेलाचे थेंब उडतात, आणि मालक इंजिन गेले असे समजून हबकतो. कलंडवायचेच तर कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहतील असे कलंडवावे, आणि त्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी, कारण हाताने पाते फिरवले तरी गरम इंजिन एखादा फटका मारून सुरू होऊ शकते. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत खांद्याला अडकवून चालवल्या जाणाऱ्या ग्रास कटरना हा नियम तसाच्या तसा लागू होत नाही. त्यांतली टू-स्ट्रोक इंजिने तेल पेट्रोलमध्येच मिसळून घेतात, त्यांना वेगळा तेलसाठा नसतोच, तर होंडाच्या जीएक्स 35 सारखी फोर-स्ट्रोक इंजिने कोणत्याही कोनात चालावीत अशाच बेताने घडवलेली असतात.

तिसरी गोष्ट वासाची. डिपस्टिकला लागलेल्या तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, ते पाण्यासारखे पातळ झाले असेल आणि न ओतताच पातळी वाढली असेल, तर दोष कार्बोरेटरच्या नीडलमध्ये आहे. फ्लोटच्या कप्प्यात पेट्रोल पुरेसे भरले की प्रवाह बंद करणारी ही बारीक सुई कचरा अडकल्याने नीट बसत नाही, आणि यंत्र उभे असताना टाकीतले पेट्रोल हळूहळू सिलिंडरमार्गे क्रँककेसमध्ये उतरते. असे तेल वंगणाचे काम करत नाही, जिथे फट सापडेल तिथून बाहेर येते, आणि त्यात पेट्रोल असल्याने आगीचाही धोका असतो. अशा वेळी सील बदलणे व्यर्थच; नीडल साफ करावी किंवा बदलावी, तेल पूर्ण बदलावे, आणि पेट्रोलचा कॉक असेल तर काम संपल्यावर तो बंद करण्याची सवय लावावी.

या तिन्ही गोष्टी ठीक असूनही गळती उरली, तर मग तिचा माग काढायचा. यातली मोठी अडचण अशी की हवेने थंड होणाऱ्या इंजिनात फ्लायव्हीलचा पंखा सतत जोराचा झोत सोडत असतो आणि हा झोत तेलाची बारीक ओल मूळ जागेपासून वीतभर दूर नेऊन पसरवतो. त्यावर गवताचा भुगा आणि धूळ बसून काळा थर तयार होतो, आणि सगळेच इंजिन गळत असल्यासारखे दिसते. हा थर शीतलनाच्या पात्यांमध्ये साचला की इंजिन अधिक तापते, आणि तापल्याने रबरी सील कडक होऊन गळती आणखी वाढते. म्हणून थंड इंजिन आधी रॉकेल किंवा डीग्रीझर आणि ब्रशने पूर्ण स्वच्छ करून, उन्हात कोरडे करून घ्यावे. एअर फिल्टर आणि मफलरच्या तोंडात पाणी जाऊ देऊ नये, आणि रॉकेल पूर्ण उडून गेल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. मग संशयाच्या सर्व जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि यंत्र मोकळ्या हवेत, बंद शेडमध्ये नव्हे, दहा-पंधरा मिनिटे चालवून थांबवावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली काळसर रेघ जिथून सुरू होते ती गळतीची जागा. रेघ नेहमी वरून खाली आणि पंख्याच्या झोताच्या दिशेने वाचायची असते, आणि तिचे सर्वांत वरचे टोक तेवढे महत्त्वाचे. एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर तेलात मिसळण्याचा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिळतो, पण लहान इंजिनासाठी पावडर सहसा पुरते.

गळती केव्हा होते याकडेही पावडरीइतकेच लक्ष द्यावे. रात्री यंत्राखाली पुठ्ठा पसरून ठेवला आणि सकाळी त्यावर डाग आढळला, तर तेल स्वतःच्या वजनाने खाली येत आहे, म्हणजेच दोष तेलाच्या पातळीखालच्या जागेत आहे: तेल काढण्याचा बूच, तळाचे पॅकिंग किंवा खालचे सील. उलट पुठ्ठा कोरडा राहतो आणि डाग चालवल्यावरच उमटतो, तर तेल आतल्या दाबाने बाहेर फेकले जात आहे, आणि बोट पुन्हा ब्रीदरकडे जाते. ही कसोटी फुकट आहे आणि तिला कोणतेही हत्यार लागत नाही. तरीही ती क्वचितच केली जाते.

जागा नक्की झाली की काम बरेच सोपे होते. तेल भरण्याच्या नळीच्या तळाशी एक ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडे, असते. ते कडक झाले की नळीच्या बुंध्याशी ओल दिसते आणि तिला लोक तळाच्या पॅकिंगची गळती समजून बसतात. व्हॉल्व्हच्या झाकणाचे पॅकिंग गेले तर तेल गरम मफलरकडे ओघळते आणि जळक्या तेलाचा वास येतो. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाची गती आवरणारी यंत्रणा, हिची दांडी जिथे क्रँककेसमधून बाहेर येते तिथेही एक छोटे सील असते, आणि ते सगळ्यांच्याच नजरेतून सुटते. तळाचे पॅकिंग मात्र सोपे प्रकरण नाही: उभ्या क्रँकच्या, म्हणजे पाते फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मोव्हरमध्ये तळाचे झाकण हेच तेलाचे भांडे असते, त्यामुळे ते उघडायचे तर आधी पाते काढावे लागते आणि मग सबंध इंजिन डेकवरून, म्हणजे पात्यावरच्या कवचावरून, उतरवावे लागते, शिवाय अनेक इंजिनांत या पॅकिंगच्या जाडीवरच क्रँकची वरखाली होण्याची मोकळीक ठरते, म्हणून जाड-पातळ पॅकिंग अंदाजाने लावून चालत नाही. होंडाच्या जीसीव्ही मालिकेत तर या जोडाला पॅकिंगच नसते, द्रवरूप सीलंट लावलेले असते. तेथे घाईघाईने सीलंटची जाड रेघ ओढली की आतल्या बाजूला सुटलेला त्याचा तुकडा तेलाची वाट अडवू शकतो.

सर्वाधिक बदनाम भाग म्हणजे पात्याच्या बाजूचे खालचे ऑईल सील. बाहेरून लोखंडी कडे, आतून रबरी ओठ आणि त्या ओठाला क्रँकवर दाबून धरणारी नाजूक स्प्रिंग, एवढीच त्याची रचना. हे सील विनाकारण सहसा मरत नाही. हिरवळीत पडलेली सुतळी, नायलॉनचा धागा किंवा संक्रांतीनंतरचा मांजा पात्याबरोबर क्रँकला गुंडाळला जातो आणि सीलच्या ओठाखाली शिरतो. ही पहिली शक्यता. दुसरी आणि अधिक गंभीर शक्यता अशी की पाते दगडावर, झाडाच्या मुळावर किंवा तुषार सिंचनाच्या टोपीवर आदळून क्रँक वाकला आहे. वाकलेल्या क्रँकचे टोक फिरताना लहान वर्तुळ काढते, सीलचा ओठ एका बाजूने सतत दाबला जातो, आणि नवे सील काही दिवसांतच फाटते. तपासणी सोपी आहे: प्लग काढून क्रँक हाताने हळूहळू फिरवावा आणि टोकाची गती एखाद्या स्थिर टोकदार वस्तूच्या तुलनेत पाहावी. क्रँक वाकलेला असेल तर तो हातोड्याने सरळ करण्याचा उद्योग करू नये. वाकून सरळ झालेल्या पोलादात चीर राहू शकते, आणि त्या चिरेवर वेगाने फिरणारे पाते लटकत राहते. अशा वेळी नवा क्रँक किंवा नवे इंजिन एवढाच प्रामाणिक सल्ला उरतो, आणि जुन्या, स्वस्त यंत्राच्या बाबतीत बहुधा नवे इंजिनच परवडते.

क्रँक सरळ असेल आणि सीलच झिजले असेल, तर बदलण्याचे काम कौशल्याचे असले तरी अवघड नाही. पाते, त्याचा अडॅप्टर आणि चावी काढल्यावर जुन्या सीलच्या लोखंडी कड्याला काळजीपूर्वक बारीक भोक पाडून त्यात छोटा स्क्रू फिरवावा आणि तो पकडीने ओढून सील बाहेर काढावे. स्क्रूड्रायव्हर क्रँकला टेकवून उचकटले तर क्रँकवर ओरखडा उठतो आणि नवे सीलही त्याच ओरखड्यावरून गळते. क्रँकवरचा गंज अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्यावा, चावीच्या खाचेवर चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा म्हणजे खाचेची धार नव्या ओठाला चिरणार नाही, ओठाला तेल लावावे, आणि स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आतल्या बाजूला, ठेवून योग्य व्यासाच्या नळीने सील चारी बाजूंनी सारखे आत बसवावे. जुन्या सीलने क्रँकवर खोल कडे पाडले असेल तर नवे सील किंचित वर किंवा खाली बसवावे, म्हणजे ओठ ताज्या गुळगुळीत पृष्ठभागावर फिरतो.

शेवटी एक दोष असा आहे की तो बाहेरून दिसतच नाही, आणि त्यामुळेच तो सर्वांत जास्त फसवतो. ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्या, म्हणजे पुशरॉड, ज्या पोकळीतून वर जातात ती पोकळी सिलिंडरच्या शेजारीच असते, आणि दोन्हींच्या मध्ये हेड गॅस्केटची अगदी अरुंद पट्टी उरते. तेवढ्या जागेत गॅस्केट उडाले की ज्वलनाचा दाब दर स्फोटाला थेट क्रँककेसमध्ये घुसतो. ब्रीदर कितीही चांगला असला तरी एवढी हवा बाहेर काढणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. इंजिन धूर सोडते, तेल खाते, एअर फिल्टर ओला करते, सीलमधून गळते, आणि तरीही शक्ती जेमतेम कमी झालेली जाणवते. यासाठी प्लगच्या जागी दाबयुक्त हवा सोडून लीक-डाउन चाचणी करतात: पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून क्रँक घट्ट अडकवायचा, कारण हवेच्या जोराने पाते फिरू शकते, आणि मग कान देऊन ऐकायचे. मफलरमधून सूसू आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही, कार्बोरेटरकडून आला तर इनलेट व्हॉल्व्ह. तेल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा झिजल्या आहेत किंवा हेड गॅस्केट गेले आहे. हेड उघडल्यावर गॅस्केटवर दोन पोकळ्यांना जोडणारी काजळीची काळी रेघ दिसली की शंका उरत नाही. नवे गॅस्केट बसवण्याआधी हेडचा पृष्ठभाग सपाट काचेवर टेकवून तपासावा, आणि बोल्ट उत्पादकाने दिलेल्या क्रमाने व सांगितलेल्या जोराने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत; एका कडेने सुरुवात करून ओळीने आवळत गेल्यास ॲल्युमिनियमचे हेड पुन्हा पिळते आणि गॅस्केटही पुन्हा उडते.

दुरुस्तीनंतर डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेपर्यंतच तेल भरावे, इंजिन उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचे, बहुधा एसएई 30 किंवा 10डब्ल्यू-30, आणि पहिल्या तासाभराच्या कामानंतर पातळी व बोल्ट पुन्हा पाहावेत. काढलेले जुने तेल हिरवळीच्या कडेला ओतले तर तेवढ्या पट्ट्यात गवत जळते आणि बराच काळ उगवत नाही. ते बंद डब्यात साठवून, जुने तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजकडे द्यावे, कारण भारतातील नियमांनुसार वापरलेले इंजिन ऑईल घातक कचऱ्यात मोडते.